६८/४५ टाकीसाठी रेग्युलेटर: निवड, मोजमापे आणि सध्याची जुळणी

गेल्या हंगामापर्यंत माझा सगळा पेंटबॉलचा खेळ (हवेच्या दाबावर रंगाच्या गोळ्या झाडण्याचा) ४८ घनइंची अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीवर चालत होता. तिच्यात ३००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबापर्यंत हवा भरता येते आणि तिच्या तोंडावरचा रेग्युलेटर (टाकीतला दाब उतरवून पुढे सोडणारा भाग) कारखान्यातून निघतानाच सुमारे ८०० पीएसआयवर बांधलेला आहे. या वर्षी पेनसिल्व्हेनियातील जंगलातल्या मैदानांवर दिवसभर खेळायचे ठरवल्यामुळे ६८ घनइंची, ४५०० पीएसआयची (म्हणजे सुमारे ३१० बारची) कार्बन फायबरची बाटली घेतली. हिच्यात जुन्या टाकीच्या दुपटीहून थोडी अधिक हवा मावते आणि तरीही ती हाताला हलकी लागते. बाटली निवडण्यात फारसा वेळ गेला नाही. तिच्यावर रेग्युलेटर कोणता बसवायचा हे ठरवायला मात्र बराच वेळ द्यावा लागला आणि तो देणे योग्यच होते, असे आता मोजमापांवरून म्हणता येते.

माझ्याकडे दोन मार्कर, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुका, आहेत. एक जुना टिपमन ९८ कस्टम आणि दुसरा प्लॅनेट एक्लिप्सचा एमेक. दोन्ही पूर्णपणे यांत्रिक आहेत, बॅटरी कशालाच लागत नाही. हवेच्या बाबतीत मात्र दोघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत आणि निवडीचा सगळा प्रश्न या फरकापाशीच येऊन थांबतो. टिपमनच्या आत दुसरा रेग्युलेटर नसतो. टाकीतून जो दाब येतो, तोच थेट त्याच्या व्हॉल्व्हपाशी जातो. एमेकमध्ये पुढच्या मुठीत स्वतंत्र रेग्युलेटर बसवलेला असतो आणि तो आलेला दाब पुन्हा उतरवून सुमारे १३५ ते १४० पीएसआयवर आणतो. म्हणून 'उत्तम रेग्युलेटर कोणता' असे नुसते विचारून उत्तर मिळत नाही. मार्करच्या आत दाब उतरवण्याची दुसरी पायरी आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

८०० किंवा ८५० पीएसआय हा आकडा मुळात कोठून आला, हेही समजून घेण्यासारखे आहे. पेंटबॉलचा पहिला खेळ १९८१ साली न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर येथे झाला आणि त्या वेळचे मार्कर कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या काडतुसांवर चालत. पुढेही बराच काळ हाच वायू मोठ्या टाक्यांतून वापरला गेला. टाकीत तो द्रवरूपात असतो आणि साधारण २१ अंश सेल्सिअसला त्याच्या वाफेचा दाब ८५० पीएसआयच्या आसपास भरतो. मार्कर त्याच दाबासाठी घडवले गेले, आणि दाबलेली हवा आली तेव्हा तिचे रेग्युलेटरही तोच दाब देतील असे बांधले गेले. कार्बन डायऑक्साइडची अडचण अशी, की शून्य अंशाला त्याचा दाब ५०० पीएसआयच्या जवळ उतरतो आणि सलग गोळ्या झाडल्या की द्रवाचे बाष्पीभवन होता होता टाकी स्वतःच गार पडत जाते. पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरांत ऑक्टोबरच्या सकाळी हा फरक चांगलाच जाणवतो. हवेच्या टाकीत द्रव नसल्यामुळे ती अडचण राहत नाही, पण जुना आकडा मात्र टिकून राहिला आहे. टिपमनसारख्या मार्करला त्याची खरोखर गरज असते. एमेकसारख्याला ती नसते.

रेग्युलेटरच्या आत काय घडते ते थोडक्यात सांगते. टाकीतली हवा एका बारीक भोकातून आत येते. त्या भोकावर पोकळ पिस्टनचे टोक, म्हणजे सीट, टेकलेली असते. स्प्रिंग, किंवा बहुतेक ठिकाणी एकावर एक रचलेल्या बशीच्या आकाराच्या पोलादी चकत्या, पिस्टनला भोकापासून दूर ढकलतात. आत आलेली हवा पिस्टनमधून पलीकडे जाते, त्याच्या रुंद तोंडावर दाब टाकते आणि त्याला पुन्हा भोकाकडे रेटते. हे दोन जोर जिथे तोलले जातात, तिथे भोक बंद होते आणि तोच बाहेरचा दाब ठरतो. चकत्यांखालचे पातळ वॉशर कमीजास्त केले किंवा चकत्यांची रचना बदलली, की तो दाब बदलता येतो.

या तोलात एक तिसरा, छोटा जोरही असतो आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. टाकीतला उच्च दाब सीटच्या इवल्याशा क्षेत्रफळावर सतत रेटत असतो आणि स्प्रिंगला मदत करतो. टाकी रिकामी होत जाते तशी ही मदत घटते आणि त्यामुळे बाहेरचा दाबही किंचित उतरतो. टाकीच्या तोंडाला आटे देऊन बसवायचा एक तपासणी-गेज मिळतो. तो लावून मी हे प्रत्यक्ष पाहिले. नव्या रेग्युलेटरच्या दोन मांडण्यांपैकी वरच्या दाबाची, ८००ची, मांडणी असताना, पूर्ण भरलेल्या टाकीवर काटा ८१० पीएसआयवर स्थिरावला. टाकी १२००पर्यंत उतरली तेव्हा तोच काटा ७७०वर होता. टिपमनच्या दृष्टीने ही ४० पीएसआयची घट म्हणजे पाच टक्के. वेग ढोबळमानाने दाबाच्या वर्गमुळानुसार बदलतो असे धरले, तर सेकंदाला २८० फुटांच्या वेगात सुमारे ७ फुटांचा फरक पडायला हवा, आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) जवळजवळ तेवढाच दिसला. एमेकमध्ये मात्र ही घट मुठीतल्या दुसऱ्या रेग्युलेटरच्या दारात येते आणि तिथे पुन्हा त्याच प्रमाणात बारीक होते. तिथे उरतो जेमतेम अर्धा पीएसआय आणि गोळीच्या वेगात तो ओळखूही येत नाही.

याच गेजवर आणखी एक गोष्ट पाहावी. वापरलेली टाकी विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ती आवर्जून पाहावी असे मला वाटते. गेज बसवल्यावर काटा झटकन वर जातो आणि थांबतो. त्यानंतर काही मिनिटे त्याच्याकडे पाहत राहायचे. काटा जागचा हलला नाही तर सीट नीट बसते आहे. तो अगदी संथपणे, डोळ्याला जेमतेम कळेल असा वर सरकत असेल, तर सीटवर ओरखडा आहे किंवा कचरा अडकला आहे आणि हवा झिरपते आहे. अशा रेग्युलेटरची टाकी मार्करला लावून ठेवली की दाब चढत राहतो आणि शेवटी कमी दाबाच्या बाजूची सुरक्षा-चकती (दाब अति झाला की स्वतः फुटून हवा बाहेर सोडणारी) फुटते. ती चकती सहसा १८०० पीएसआयची असते.

सुरक्षा-चकत्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण रेग्युलेटर विकत घेताना लोक दाबाचा आकडा पाहतात आणि हे सोडून देतात. प्रत्येक रेग्युलेटरवर दोन चकत्या असतात, एक कमी दाबाच्या बाजूला आणि दुसरी टाकीच्या दाबाच्या बाजूला. ही दुसरी चकती बाटलीनुसार ठरते. ३००० पीएसआयच्या टाकीसाठी ती ५००० पीएसआयची, तर ४५०० पीएसआयच्या बाटलीसाठी ७५०० पीएसआयची असते. हे आकडे बाटलीच्या चाचणीच्या दाबाशी जुळवलेले आहेत, आणि तो दाब नेहमीच्या दाबाच्या पाच-तृतीयांश असतो. त्यामुळे ४५००चा रेग्युलेटर ३०००च्या अ‍ॅल्युमिनियम टाकीवर बसवणे दिसायला 'अधिक मजबूत' वाटले, तरी प्रत्यक्षात ते धोक्याचे आहे. दाब नको तितका चढला तर टाकीने जिथे हार मानायची, त्याच्याही पुढे ती चकती शाबूत राहील. दोघांचे आटे बहुतेक वेळा सारखेच असतात, अमेरिकेत ५/८-१८. म्हणून ही अदलाबदल हाताने सहज होऊ शकते आणि म्हणूनच ती करू नये. युरोपात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: तिथल्या पुष्कळ बाटल्यांना एम१८ x १.५ असे मेट्रिक आटे असतात आणि त्यांत अमेरिकी रेग्युलेटर बसत नाही.

बाटलीवर रेग्युलेटर मी दुकानातल्या जाणकार कारागिराकडूनच बसवून घेतला. दाब असलेल्या बाटलीवरून तो कधीही सैल करायचा नाही, हा नियम कोणत्याही सवलतीविना पाळावा. टाकी मार्करमधून काढताना तिच्याबरोबर रेग्युलेटरच बाटलीतून फिरू लागत नाही ना, याकडेही लक्ष असावे. दोन्हींवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली, की जरासे फिरले तरी लगेच दिसते.

निवड करताना माझ्यासमोर दोन प्रकार होते: एकाच दाबावर बांधलेला साधा रेग्युलेटर आणि वॉशर बदलून दाब बदलता येणारा. मी दुसरा घेतला. त्याच्याबरोबर ८०० आणि ४५० पीएसआयच्या आसपासच्या मांडण्या मिळतात आणि टाकी पूर्ण रिकामी करून वरची टोपी उघडली की वॉशर बदलता येतात.

दोन्ही मांडण्या एमेकवर लावून पाहिल्या. 'कमी दाबाच्या रेग्युलेटरने टाकीतून जास्त गोळ्या निघतात' असे मैदानावर नेहमी ऐकू येते. ते या मार्करपुरते तरी मला पटत नाही. टाकीतला दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाखाली गेला, की सीट उघडीच राहते आणि टाकीत असेल तेवढा दाब सरळ पुढे जातो. मार्करला १४० पीएसआयच हवे असतील, तर रेग्युलेटर ८००चा असो वा ४५०चा, टाकी जवळजवळ त्याच ठिकाणी संपते. फरक दिसला तो दुसरीकडे. काही मिनिटे मार्कर स्वस्थ ठेवून झाडलेली पहिली गोळी नेहमी थोडी वेगवान जाते, कारण मुठीतल्या रेग्युलेटरच्या सीटमधून तेवढ्या वेळात थोडा दाब झिरपून चढलेला असतो. ८००च्या मांडणीवर, सरासरी २७५ फुटांवर बसवलेला एमेक पहिल्या गोळीला २८६-२८८पर्यंत जात होता. ४५०वर तीच पहिली गोळी २८०च्या आत राहू लागली. ज्या मैदानांवर मर्यादा २८० फुटांची आहे, तिथे ही गोष्ट महत्त्वाची ठरते. समोरच्याच्या अंगावर जाणारी गोळी पहिलीच असते आणि ती बहुतेकदा जवळून झाडलेली असते.

वेगातला बाकीचा चढउतार दोन्ही मांडण्यांवर सारखाच होता आणि तो रेग्युलेटरचा नव्हता. ०.६८ इंचाच्या म्हणवल्या जाणाऱ्या गोळ्या दमट हवेत किंचित फुगतात. नळीच्या भोकाचे माप त्यांच्याशी जुळवले, तेव्हा तो चढउतार जवळजवळ निम्म्यावर आला.

सलग झाडताना दाब किती लवकर पुन्हा भरून येतो, हाही प्रश्न असतो. महाराष्ट्रात बालेवाडीसारख्या रेंजवर १० मीटर एअर रायफल चालवणारे वाचक या लेखातल्या बऱ्याच गोष्टी ओळखतील, कारण त्यांच्या रायफलीतही २०० बारच्या नळकांड्यापुढे रेग्युलेटर असतो. तिथे दोन गोळ्यांच्या मध्ये रेग्युलेटरला भरपूर वेळ मिळतो. इथे एनएक्सएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पेंटबॉल लीगच्या, स्पर्धांत सेकंदाला १०.२ गोळ्यांची कमाल गती मान्य आहे. तेवढ्या वेगाने झाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मार्करवर ४५०च्या मांडणीचा प्रवाह अपुरा पडू शकतो आणि वेग हळूहळू उतरत जातो. माझे बोट त्या गतीच्या जवळपासही जात नसल्याने एमेकवर मला ही उतरण दिसली नाही. वेगवान मार्कर वापरणाऱ्यांनी मात्र लांब फैरी झाडून क्रोनोग्राफवर ती तपासावी आणि मगच दाब ठरवावा.

टिपमनवर ४५०ची मांडणी लावून पाहिली ती केवळ नोंदीसाठी. अपेक्षेप्रमाणे हॅमर (व्हॉल्व्हवर आदळणारा आतला ठोकळा) मागे जाऊन अडकण्याइतका धक्का त्याला मिळेना. चाप एकदाच दाबला, तरी मार्कर आपोआप फडफडत हवा सोडत राहिला. टाकी संपत आल्यावर टिपमन जे करतो, तेच भरलेल्या टाकीवर झाले. हे लक्षण ओळखीचे असावे, कारण नवखे खेळाडू अशा वेळी मार्कर बिघडला असे समजून तो उघडून बसतात.

भरण्याविषयी दोनच गोष्टी लिहिते. हवा झपाट्याने भरली की बाटली गरम होते आणि गेजवर ४५०० दिसले तरी गार झाल्यावर काटा बराच खाली येतो. म्हणून सावकाश भरावे. भरण्याच्या निपलला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. एवढ्या दाबाच्या हवेत पेट्रोलियमचे तेल पेट घेऊ शकते. वंगण लावायचेच तर ते फक्त पिस्टनच्या ओ-रिंगांना (रबरी कड्यांना), तेही उत्पादकाने सांगितलेलेच.

सध्याची जुळणी अशी आहे: ६८/४५ बाटली ४५०च्या मांडणीवर फक्त एमेकसाठी आणि जुनी ४८/३० टाकी ८००वर फक्त टिपमनसाठी. दोन्हींवर दाबाचा आकडा ठळक लिहून चिकटवला आहे. नव्या रेग्युलेटरची मान जुन्यापेक्षा आखूड असल्याने एमेक खांद्याला अधिक जवळ बसतो. लांब हातांच्या खेळाडूला हे अडचणीचे वाटेल, मला सोयीचे वाटते. गेज आणि निपल डाव्या बाजूला येतील अशी टोपी फिरवून घेतली आहे, त्यामुळे जमिनीवर लोळताना निपलमध्ये माती जाण्याचे प्रमाणही कमी झाले आहे. हिवाळ्यात सीट आणि ओ-रिंगा बदलण्याआधी तपासणी-गेजवरचे आकडे पुन्हा घेईन आणि नवी सीट बसल्यावर तेच आकडे घेऊन दोन्ही शेजारी शेजारी मांडीन. बाटलीची पहिली हायड्रो चाचणी (पाण्याच्या दाबाने घेतलेली मजबुतीची तपासणी) तिच्यावर छापलेल्या तारखेपासून पाच वर्षांनी आहे आणि कार्बन फायबरच्या या बाटलीचे एकूण आयुष्य पंधरा वर्षे ठरलेले आहे, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.