अधिवेशनाला जायचंय? मग तीन दरपत्रकं जोडा

अधिवेशन तीन दिवसांचं. त्याच्या शुल्काची फाईल मात्र एकोणचाळीस दिवस फिरली, आणि त्यातले एकवीस दिवस एकाच टेबलावर बसून होती.

मी एका नगरपरिषदेत पाणीपुरवठा विभागात अभियंता आहे. इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या वार्षिक अधिवेशनासाठी माझा निबंध निवडला गेला. 1968 पासूनची ही संस्था, मुख्यालय मुंबईत. विषय गळतीचा. पुस्तकं सांगतात, रात्री दोन ते चार या वेळात पाईपातून जे वाहतं त्यातली बरीचशी गळती असते, तेवढं मोजा. पण आमच्या गावात पाणी येतं दीड तास, रात्री पाईप कोरडाठाक! म्हणून एका झोनचा व्हॉल्व्ह सलग तीन रात्री उघडा ठेवला. पहिल्या दोन रात्री लोकांच्या टाक्या भरू दिल्या, तिसऱ्या रात्री मीटर वाचला. आमचे व्हॉल्व्हमन माझ्याबरोबर जागले, म्हणून झालं.

शुल्क मंजुरीसाठी मी टिपणी ठेवली, मुख्याधिकारी साहेबांनी तिच्यावर लगेच सही केली. मग फाईल लेखा विभागात गेली आणि शेरा पडला : 'तीन दरपत्रके जोडावीत.'

मला वाटलं नजरचुकीनं पडला असेल. गेले. "भाऊ, हे अधिवेशन आहे. दरपत्रक कुणाचं आणू?"

"मॅडम, अजून दोन संस्थांचं आणा. ज्याचा दर कमी, तिथे जा."

"निबंध इथे निवडलाय ना!"

"ते नियमात कुठे बसतं?"

दोनदा लेखी खुलासा दिला. एकदा फाईल 'पाहिली' असा शेरा घेऊन परत आली. एकदा विचारलं, जीएसटीचा दोन टक्के टीडीएस कापायचा का. ती कपात अडीच लाखांच्या वरच्या कंत्राटाला लागते, माझं शुल्क त्याच्या आसपासही नव्हतं; पण हे समजावण्यात चार दिवस गेले. मधल्या काळात सवलतीच्या दराची मुदत टळली. त्या दिवशी मी डबासुद्धा उघडला नाही.

शेवटी तोडगा काढला आमच्या निवृत्त भांडारपालांनी, चहा पिता पिता. म्हणाले, "ताई, आवक नोंदवहीत विषय काय लिहिलाय बघा." बघितलं तर 'शुल्क खरेदी'. आवक टेबलावर कुणीतरी माझ्या टिपणीचा विषय आखूड केला होता, आणि खरेदी म्हटलं की दरपत्रकं आलीच. टिपणी नव्यानं लिहिली : 'प्रशिक्षण व चर्चासत्र सहभाग शुल्क अदा करणेबाबत', लेखाशीर्ष प्रशिक्षणाचं, सोबत 'आयोजक संस्था एकमेव आहे' असा माझ्या सहीचा दाखला. दोन दिवसांत मंजूर. त्याच टेबलावरून!

तर तुम्ही जाणार असाल तर 'खरेदी' हा शब्द फाईलच्या आसपासही फिरकू देऊ नका. निवडीचं पत्र पहिल्याच दिवशी जोडा. आणि हो, प्रोफॉर्मा बीजक, म्हणजे पैसे भरण्याआधी आयोजक देतात ते कच्चं बिल, स्वतःच्या नावावर घेऊ नका, कार्यालयाच्या नावावर घ्या, जीएसटी क्रमांकासकट. मी आधी माझ्या नावावर घेतलं होतं, ते बदलून घेण्यात एक आठवडा गेला, हे वर सांगायचं राहिलं.

अधिवेशन छान झालं. माझ्या निबंधानंतर एका छोट्या गावाच्या अभियंत्यानं विचारलं, टाक्या भरल्यात हे कसं ओळखलंत? प्रवाह उतरत उतरत दीड तास एकाच आकड्यावर थांबला तेव्हा, म्हटलं. तो लिहून घेत होता, आणि मला सगळी दरपत्रकं विसरायला झाली. उपस्थितीचं प्रमाणपत्र मात्र शेवटच्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच घ्या. नंतर टेबलं उचलतात, आणि प्रवासभत्त्याच्या बिलाला ते लागतंच.

माझं ते बिल काल परत आलं. शेरा : 'नोंदणी शुल्काचा दर मूळ टिपणीपेक्षा जास्त का, याचा खुलासा सादर करावा.'