काउंटर दोनवरची नोंद

चतुर्थीला तीन दिवस उरले होते. फोंड्याच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं, सामान लागलं होतं आणि आमच्या पतसंस्थेत पैसे काढणाऱ्यांची रांग पार दारापर्यंत गेली होती. संध्याकाळी रोकड जुळेना. दहा हजार जास्त. पैसे काढल्याची एक नोंद दोनदा पडली होती आणि दोन्ही ज्या क्लार्कच्या लॉगिनने झाल्या, तो सोमवारपासून रजेवर, सत्तरी तालुक्यात गावी.

संस्थेचे संगणक मी सांभाळतो. माझ्या पोटात गोळा आला. बाहेरून कुणी शिरलंय, हीच पहिली शंका. पण नोंदी काउंटर दोनवरच्याच होत्या. तिथल्या कॅशियर ताईंनी मला बाजूला घेऊन कीबोर्ड उलटा केला. खाली चिठ्ठी, तिच्यावर त्या रजेवरच्या क्लार्कचा पासवर्ड.

"माझं खातं सकाळीच लॉक झालं. तुला तीनदा फोन केला. समोर लोक ताटकळलेले. आम्ही सगळेच हा वापरतो, जूनपासून. दर महिन्याला चिठ्ठी तेवढी बदलते."

जूनमध्ये मी लॉगिन-पासवर्डचे नवे नियम लावले होते. बारा अक्षरं, त्यांत आकडा आणि चिन्ह, दर 30 दिवसांनी बदल, तीन चुका झाल्या की लॉक, आणि तो मीच उघडणार. दोन मिनिटं हात थांबला की स्क्रीन बंद. सही पडताळून नोटा मोजायलाच तेवढा वेळ जातो. स्क्रीन मध्येच बंद पडली, म्हणून पहिली नोंद गेलीच नाही असं वाटून ताईंनी ती पुन्हा केली. व्हाउचरं उपसून हे उलगडायला साडेनऊ वाजले.

पंचवीस वर्षं चोख हिशेब ठेवणाऱ्या बाईंच्या कामावरून त्यांचं नावच माझ्या नियमांनी पुसलं होतं.

सुरक्षा वापरणाऱ्याला सहज पेलली पाहिजे, हे सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर मुदतीने बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही 2017 मध्ये सांगितलं. दोन्ही मी वाचलं होतं. तरी तपासणीत कडक दिसावं म्हणून नियम लावले.

मुदत काढली. चिन्हांऐवजी लांब, लक्षात राहील असं वाक्य. लॉक आता शाखाधिकारीही उघडतात. स्क्रीनचं मात्र ठरेना, कारण काउंटर दोनचा पडदा रांगेतून दिसतो. म्हणून चतुर्थीनंतर दोन दिवस मी घड्याळ घेऊन ताईंच्या शेजारी बसलो, एकेका सभासदाला किती वेळ लागतो ते लिहीत.