वाऱ्यापेक्षा लाटेला भ्या

खंबातचं आखात बडोद्याहून जवळ, पण छोट्या शिडाच्या होडीचा सराव तिथं करा असं आम्ही कुणालाच सांगणार नाही. भरती-ओहोटीतला फरक प्रचंड. प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध वाहू लागला की लाटा आखूड आणि उभ्या होतात.

खोल समुद्रात होडी उलटवते ती फुटणारी लाट. बाजूनं आदळली तर होडीच्या लांबीच्या साधारण ३० टक्के उंचीची लाटही पुरते, म्हणजे १० मीटरच्या होडीला ३ मीटर. शीड कमी करावं का, असं मनात आलं की लगेच करा. उशिरा ते हाताला ऐकत नाही.

लाटेपुढं पळताना वेग वाढला तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पुढच्या लाटेत घुसते आणि होडी आडवी फिरते. वेग कमी करायला मागं लांब जाड दोर सोडा. त्याची टोकं मागच्या दोन्ही कोपऱ्यांच्या मजबूत खुंट्यांना बांधा. कठड्याला मुळीच नको, एका हिसक्यात उखडतो.

होडी सोडून जीवरक्षक तराफ्यात उतरायची घाईही नको. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत वादळात सोडून दिलेल्या २४ होड्यांपैकी १९ नंतर तरंगत सापडल्या. आणि तुम्हाला होडीला बांधून ठेवणारा सुरक्षापट्टा केबिनमध्ये असतानाच अडकवा, बाहेर आल्यावर नाही.