देवीच्या तोंडी माझे वाक्य

धाराशिव जिल्ह्यात मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा समुपदेशक म्हणून मी काही वर्षे काम करतो आहे. २०१५ साली शेतकरी आत्महत्यांचे प्रमाण जास्त असलेल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. त्यात गावोगावच्या आशाताई घरी जाऊन प्रश्नावली भरून घेतात आणि ज्यांच्या उत्तरांत नैराश्याची लक्षणे दिसतात, त्यांना आमच्याकडे घेऊन येतात. कळंब तालुक्यातील ती बाई अशीच आली. तिच्या पदरात दोन मुली होत्या आणि नवऱ्याने आत्महत्या केल्याला चार महिने झाले होते.

पहिल्या दोन भेटींत ती जवळजवळ काहीच बोलली नाही. तिसऱ्या भेटीत तिने सांगितले, की आत्महत्येच्या आदल्या रात्री नवऱ्याने कृषी केंद्राची उधारी भागवण्यासाठी तिचे गंठण मागितले होते आणि ते वडिलांनी घातलेले, लेकींसाठी ठेवायचे, म्हणून तिने नाही म्हटले होते. ही गोष्ट तिने सख्ख्या आईलाही सांगितली नव्हती. खोलीत त्या वेळी तिघे होतो : ती, मी आणि तिला घेऊन आलेली आशाताई. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मी नेहमीप्रमाणे समजावले, की परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर धीर धरायचा आणि बरे वाटले तरी विचारल्याशिवाय गोळ्या सोडायच्या नाहीत.

नंतरची तारीख तिने चुकवली. त्यापुढच्या बुधवारी ती आपली आपणच आली, तेव्हा मी तिला क्षणभर ओळखले नाही. केस नीट विंचरलेले होते आणि ती माझ्याकडे सरळ पाहून बोलत होती. शेजारच्या गल्लीत एक आराधी मावशी आहे, तिच्या अंगात दर मंगळवारी आणि शुक्रवारी येडाई येते. तिथे देवीच्या मुखातून नवरा बोलला, असे तिने सांगितले. "गंठणापायी मी गेलो न्हाई, लेकींना जप, असं म्हणले. सर, तुमच्याशिवाय मी कुणाला बोलले न्हाई. मग देवीला कसं कळलं?"

देवीला कसे कळले, हे मला त्याच क्षणी समजले होते. आशाताई त्या मावशीची भाची होती. त्याच बोलण्यात बाईने असेही सांगितले, की आता मन शांत झाले म्हणून दहा दिवसांपासून तिने गोळ्या बंद केल्या आहेत.

माझी पार्श्वभूमी इथे सांगणे भाग आहे. महाविद्यालयात असताना मी शाळांमधून चमत्कारांची प्रात्यक्षिके करीत असे. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीनचे थेंब टाकले, की काडी न ओढता जाळ होतो, हे मुलांना दाखवताना मला फार आनंद होत असे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा आम्ही काही मित्र रात्रभर जागे होतो. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. तो मी ओळ न् ओळ वाचला होता. अंगात दैवी शक्तीचा संचार असल्याचे भासवून लोकांच्या मनात भीती निर्माण करणे किंवा ऐकले नाही तर वाईट होईल अशी धमकी देणे, हा त्यात गुन्हा आहे. मावशीने भीती घातली नव्हती. ती पैसेही घेत नव्हती, फक्त नारळ आणि मूठभर शिधा घेत होती. पोलिसांकडे जाण्यासारखे हे प्रकरण नव्हते, पण बाईला खरे सांगण्यासाठी मला कायद्याची गरजही नव्हती. एक वाक्य पुरले असते.

ते वाक्य मी बोललो नाही. चार महिन्यांनी प्रथमच झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये, हे एक कारण होते आणि ते खरे होते. दुसरे कारण असे, की मावशीचे सोंग उघडे करायचे तर माझ्या खोलीतून गुपित फुटले, हेही उघडे करावे लागले असते. तिने विश्वासाने सांगितलेले सांभाळणे हे माझे पहिले काम होते आणि तेच माझ्याकडून झाले नव्हते. या दोन कारणांपैकी कोणत्या कारणाने माझे तोंड बंद ठेवले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नुसत्या दयेपोटी गप्प राहिलो, असे मला म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेलो. ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी विषय काढताच तिने सूप बाजूला ठेवले. "खोटं बोलले म्या, सर. पयल्यांदा आलं हुतं ते खरं हुतं, माझा ल्योक गेला तवा. मग बाया यायला लागल्या. त्या पोरीला कुणीतरी म्हणायला पायजे हुतं. तुम्ही म्हणला का?"

मी म्हणालो नव्हतो. अपराधी भावनेला घाईने खोडून काढू नये, आधी माणसाला पुरते बोलू द्यावे, असे आम्हाला शिकवलेले आहे आणि ते योग्यच आहे, पण म्हणून मी ते वाक्य पुढच्या भेटीवर ठेवले होते आणि ती भेट झालीच नव्हती. मावशीला मी एवढेच सांगितले, की इथून पुढे भाचीकडून काही ऐकायचे नाही आणि त्या बाईला गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगायचे.

"म्या सांगू, का देवीनं?" तिने विचारले.

मी उत्तर दिले नाही आणि त्या गप्प राहण्याचा तिने जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

शुक्रवारी मीही गेलो. संबळ वाजत होता, पोत पेटला होता, कवड्यांची माळ घातलेली मावशी कपाळभर मळवट लावून घुमत होती. ती बाई समोर परडीपाशी बसली होती. मग त्या बदललेल्या आवाजात शब्द आले : "डॉक्टरच्या गोळ्या सोडू नगं, लेकरा, इचारल्याबिगर सोडू नगं." माझेच वाक्य होते. सगळ्यांनी हात जोडले आणि उभ्या जागी मीही जोडले.

आशाताईशी मी नंतर बोललो. ती रडली. तिने ते वाईट हेतूने सांगितले नव्हते, मावशीजवळ कळवळून बोलली होती. तेव्हापासून बोलणे चालू असताना रुग्णाशिवाय कुणीही खोलीत बसत नाही.

बाईने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. महिन्याने ती आली, तेव्हा उठता उठता थांबली आणि म्हणाली, "सर, तुम्ही पण हात जोडले हुते. म्हंजी खरं असतंय ना?"

मी तिला परत बसायला सांगितले. आधी आमच्या खोलीतली गोष्ट बाहेर गेली होती, हे सांगितले आणि तिची क्षमा मागितली. कुणामार्फत गेली, ते तिने विचारले नाही, बहुधा तिने ते ओळखले. मग म्हणालो, की नवऱ्याच्या मनात त्या रात्री काय होते ते मला सांगता येणार नाही, पण इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या एकाही घरात माणूस एका नकारामुळे गेलेला नाही. नापिकी, कर्ज, बंद झालेले बोलणे, मोडलेली झोप असे पुष्कळ काही आधीपासून साचत आलेले असते. ताई, गंठण दिले असते तर ती उधारी फिटली असती, बाकीचे तसेच राहिले असते.

तिने पदराने डोळे पुसले. बराच वेळ गेला. मग तिने विचारले, "ह्ये देवीनं सांगितलं, का तुम्ही सांगताय?"

"मी सांगतोय," मी म्हणालो.

तिने पिशवीतून कार्ड काढून पुढची तारीख लिहिण्यासाठी माझ्यापुढे ठेवले.