यादी

रविवार, रात्री

मावशींनी आज चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकरी आणि प्याला, घेतलं नाही. रांग पुढे गेली, त्या बाकावरच बसून राहिल्या. बाहेर पडताना म्हणाल्या, "फळ्यावर नाव नाही माझं, मग कशी येऊ?" वर्गणी राहिलीय, एवढंच. वार्षिक सभा जवळ आली की वर्गणी भरलेल्यांची ही यादी फळ्यावर लागतेच. दरवर्षी वाचून पुढे जाते मी. आज का जाता आलं नाही?

यादी मतदारांची आहे. तीत नाव नसेल तर सभेत हात वर करता येत नाही, त्यापलीकडे तिला अर्थ नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तीन वेगळी दप्तरं असतात. पहिलं बाप्तिस्म्याचं. पाणी, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं दिलेला बाप्तिस्मा, तोही एकदाच. त्या रजिस्टरातलं नाव खोडायचा रकानाच नाही. (तो बालपणी द्यायचा की समजत्या वयात, यावर पिढ्यान् पिढ्या भांडून झालं. १९७० मध्ये नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा दोन्ही रीती मान्य केल्या गेल्या.) दुसरं दप्तर दृढीकरण (समजत्या वयात विश्वास स्वतः कबूल करणं) होऊन प्रभुभोजनात सहभागी होणाऱ्यांचं. तिसरी ही मतदारयादी, वर्गणीवर हलणारी. दुसऱ्या दप्तरातल्या नावाला हात लावायचा तर वाट मत्तयाच्या अठराव्या अध्यायातून जाते: आधी एकांतात भेटून बोला, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत न्या, तरीही नाही तर मंडळीपुढे. तेही अपराधासाठी. पावतीपुस्तक कुठल्याच पायरीवर येत नाही.

हे सगळं मी दृढीकरणाच्या वर्गात शिकवते. शिकवते कसली, बोलते आणि घरी येते. मावशींच्या घरातली दोघंही त्याच वर्गात बसून गेलीत. त्यांना त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) पाठ आहे, ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य हे पाठ आहे, कृपेनं विश्वासाच्या द्वारे तारण, कर्मांनी नव्हे, हेही इफिसच्या पत्रातल्या अध्याय-वचनासकट पाठ आहे. आणि घरात मात्र सगळ्यांनी मुकाट मानलं की भाकरीपर्यंत जायचा रस्ता खजिनदारांच्या टेबलावरून जातो. मग एवढ्या रविवारी मी करत काय होते? कुणाला काय पडलंय म्हणा.

खजिनदारांचा राग यायला हवा, पण येत नाही. पाळकांचं वेतन, विजेचं बिल, गळणारं छप्पर, हे सगळं त्यांच्याच डोक्यावर. आणि पैसा मागणं काही मंडळीत नंतर शिरलेला दोष नव्हे. प्रेषित पौलानंच यरुशलेमच्या गरिबांसाठी गावोगावी वर्गणी गोळा केली. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पद्धतही घालून दिली: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. मात्र दुसऱ्या पत्रात तोच म्हणतो की कुरकुरत किंवा बळजबरीनं देऊ नये. ही दोन वाक्यं एका नोटिशीत बसवणं अवघडच. खजिनदारांनी पहिलं घेतलं.

खरं टोचतंय ते दुसरंच. मावशी घाबरल्या त्या करिंथच्या पहिल्या पत्रातल्या अकराव्या अध्यायाला. अयोग्य रीतीनं जो खाईल तो दोषी ठरेल, हे वचन प्रभुभोजनाच्या आधी इतक्यांदा वाचलं जातं की लोकांना त्यातली धमकीच लक्षात राहते. करिंथात बिघडलं काय होतं? भोजन एकाच्या घरी व्हायचं. ज्यांच्याकडे भरपूर होतं ते आपलं आपण आधी उरकायचे, ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहायचे, आणि कुणी तर पिऊन झिंगलेले. पौल भडकला तो यावर: ज्यांच्याजवळ नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? अयोग्य रीत ती. म्हणजे जे वचन मावशींच्या बाजूनं लिहिलं गेलं, त्याच वचनाच्या भीतीनं त्या बसून राहिल्या. आणि परीक्षा करायला सांगितलीय ती स्वतःची, स्वतःनं. पुढे "मग खावे" असंच आहे. परीक्षा करून बसून राहावे, असं नाही.

मतांगीकार, म्हणजे आराधनेत म्हणतो ती विश्वासाची कबुली, काढून पाहिला. ३२५ मध्ये निकेयाच्या परिषदेत ठरलेल्या मजकुरात विश्वासाच्या कलमांत मंडळी नाहीच. तो पवित्र आत्म्यावर थांबतो, आणि मंडळी येते ती शेवटी, पाखंडाला शाप देणारी म्हणून. आपण म्हणतो तो विस्तार ३८१ च्या परिषदेचा. त्यात "एक, पवित्र, सार्वत्रिक व प्रेषितीय मंडळी" पवित्र आत्म्याच्या परिच्छेदात आहे, आणि लगेच पापांच्या क्षमेसाठी एक बाप्तिस्मा. कमिटीला वेगळा परिच्छेद दिलेला नाही. १५३० च्या ऑग्सबर्गच्या कबुलीत (ल्यूथरच्या अनुयायांनी मांडलेल्या) तर हिशेब अजून लहान: सुवार्ता शुद्ध शिकवली जावी, संस्कार योग्य रीतीनं दिले जावेत, ऐक्याला एवढं पुरे.

स्वच्छ यादीचा मोह मात्र जुना. उत्तर आफ्रिकेतले डोनाटिस्ट पंथाचे लोक म्हणाले, छळात ज्यांनी शास्त्रग्रंथ शत्रूच्या हाती दिले त्यांच्या हातचा संस्कार खोटा. तिथल्याच बिशप ऑगस्टीननं उत्तर दिलं की संस्कार देणारा ख्रिस्त आहे, आणि दाखल्यातले गहू आणि निदण (तण) कापणीपर्यंत एकाच शेतात राहणार. ४११ मध्ये कार्थेजच्या परिषदेत निकाल डोनाटिस्टांविरुद्ध गेला. नंतर राज्यानं त्यांच्याशी जे केलं ते... तो वेगळाच विषय.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. मला ते पूर्ण पटत नाही. बाप्तिस्मा ऐच्छिक केला की ख्रिस्ताचं शरीर, म्हणजे मंडळी, कुठे सुरू होतं तेच कळेनासं होतं. पण त्यांचं दार निदान जास्त लोकांना आत घेत होतं. आमचं, बाप्तिस्मा झालेल्यांनाही उंबऱ्यावर विचारात पाडतंय.

फळ्यावर "फक्त सभेतील मतदानासाठी" असं वर ठळक लिहा म्हणून सांगून पाहीन. खजिनदार म्हणतील, जागा नाही, नावंच बसेनात. तेही खरं.

मावशींकडे बुधवारी जाते. वाद घालायला नाही, अकरावा अध्याय सतराव्या वचनापासून वाचायला. बहुतेक वाचन तेविसाव्यापासून सुरू होतं आणि भांडण कशावरून होतं तेच गळतं. वर्गातही हा भाग प्रभुभोजनाच्या धड्यातून उचलून मंडळीच्या धड्यात घालायला हवा. तो धडा नेहमी शेवटी येतो, तेव्हा सगळ्यांचं लक्ष दृढीकरणाच्या कपड्यांकडे असतं. पोरं विचारणारच, पाळकसाहेब दृढीकरणाआधी हे विचारतात का? नाही विचारत.