काठावरचा शिक्षक, पाण्यातला वर्ग : आमची वाटचाल

आम्ही पाण्यात उभं राहून करायच्या व्यायामाचे वर्ग घेतो, पण आमचा स्वतःचा पूल नाही. पहिल्यापासून आम्ही तो तासावर भाड्याने घेतो, तेही पोहणाऱ्यांची गर्दी नसते त्या वेळी. म्हणून दुपारच्या बॅचवरच आमचा व्यवसाय उभा राहिला : निवृत्त मंडळी, गुडघ्यांनी त्रासलेले, वजनामुळे जमिनीवरचा व्यायाम झेपत नाही असे. बहुतेकांना पोहता येत नाही आणि त्याची गरजही पडत नाही. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं, की शरीराचा साधारण दोन तृतीयांश भार पाणी पेलतं.

पूल ठरवताना आम्ही आधी थर्मामीटर बुडवतो. शर्यतीच्या पुलाचं पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असतं. जोरात पोहणाऱ्याला ते छान, आमच्या मंडळींना हुडहुडी भरते. आम्हाला २९-३० हवं. यापायी एक-दोन चांगल्या जागा सोडल्या.

खरा कस लागला तो शिक्षक घडवताना. जमिनीवर एरोबिक्स उत्तम शिकवणारे मिळतात, पण काठावर उभे राहिले की हवेच्या वेगाने हात फिरवू लागतात. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. त्यात वेग दुप्पट केला की विरोध जवळपास चौपट होतो. मग खालची मंडळी गाठण्याच्या नादात प्रत्येक हालचाल अर्ध्यात सोडतात आणि व्यायाम व्हायचा तो होतच नाही. म्हणून नवा शिक्षक आमच्याकडे आधी पाण्यात उतरून बॅच करतो. दम लागला की गाण्याच्या दर दुसऱ्या ठोक्याला एकच हालचाल का, हे सांगावं लागत नाही.

काठावर उड्या मारायला आमच्याकडे मनाई आहे. फरशी ओली, आणि दिवसाला तीन-चार बॅच घेणाऱ्याचे गुडघे काही पाण्यात नसतात! उडी हातांनी दाखवायची, पायांची हालचाल उंच स्टुलावर बसून. बंद पुलात आवाज इतका घुमतो की ओरडून घसाच बसतो, त्यामुळे खुणा ठरलेल्या : मूठ वर म्हणजे थांबा, बोट गोल फिरवलं की दिशा बदला.

फोमचे डंबेल नवख्यांना फार आवडतात. ते हलके दिसतात, पण पाण्याखाली दाबून धरायला खांद्याचा जोर लागतो. खांदा दुखत असेल त्याला आम्ही ते देतच नाही. रिकामा तळहात पुरतो : आडवा धरला तर पाणी कापत जातो, समोर उघडला तर अडतो. शिवाय क्लोरीन फोम खातं, तो खर्च वेगळाच.

लाइफगार्ड वेगळा असतोच. शिक्षकाला ते काम आम्ही देत नाही. हल्ली कमरेला तरंगवणारा पट्टा बांधून खोल पाण्यातली बॅचही सुरू केली आहे. उथळ बाजूची यादी लांबली तरी माणसं वाढवत नाही. दोन्ही हात पसरले की शेजाऱ्याला लागू नयेत, तेवढीच जागा भरायची.