‘सपोर्ट’ सॉफ्टवेअर काढताना : माझा अनुभव

इंटरनेटच्या वेगाबद्दल किंवा बिलाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती राउटर बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने जाता जाता माझ्या संगणकावर टाकून दिलेल्या कंपनीच्या ‘सपोर्ट’ सॉफ्टवेअरबद्दल. पडद्यावरच्या घड्याळाशेजारी एक चिन्ह आले, ‘काही अडलं तर यावर क्लिक करा’ असे सांगून तो गेला, आणि पुढे जे अडले ते नेमके त्या चिन्हामुळेच.

महिन्याभरात संगणक सुरू होऊन वापरण्याजोगा व्हायला आठ-आठ मिनिटे लागू लागली. चार जीबी मेमरी आणि जुन्या धाटणीची फिरती हार्ड डिस्क, त्यामुळे दोष मी त्याच्या वयाला दिला आणि मेमरी वाढवून घेण्याचेही ठरवले. सुदैवाने त्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर (चालू असलेले प्रोग्राम आणि त्यांचा भार दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून पाहिला. प्रोसेसर जवळजवळ निवांत होता आणि डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकला होता. तिथून रिसोर्स मॉनिटरमध्ये, म्हणजे कोण काय वापरते ते तपशिलाने दाखवणाऱ्या खिडकीत, गेल्यावर कळले की हे सॉफ्टवेअर एका लॉग फाइलमध्ये (आपल्या नोंदवहीत) सतत लिहीत बसले आहे. फाइल उघडली, तर ‘जोडणी ठीक आहे’ या अर्थाची एकच ओळ, हजारो वेळा! जोडणी ठीक असल्याचे मला सांगण्यासाठी ते माझा संगणक अडवून बसले होते.

काढून टाकणे पाच मिनिटांचे काम वाटले होते. त्यात तीन संध्याकाळी गेल्या. सेटिंग्जमधून ‘अनइन्स्टॉल’ दाबले की संदेश येई, ‘सॉफ्टवेअर चालू आहे, आधी बंद करा.’ टास्क मॅनेजरमधून बंद करावे, तर मी परत त्या खिडकीत पोहोचेपर्यंत ते पुन्हा हजर. सर्व्हिसेसमध्ये (पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या, म्हणजे ‘सेवां’च्या यादीत) जाऊन पाहिल्यावर कारण सापडले. त्याच्या सेवेच्या ‘रिकव्हरी’ पानावर, बंद पडल्यास लगेच पुन्हा सुरू करावे, असे आधीच ठरवून ठेवलेले होते. मी सेवा ‘डिसेबल्ड’ केली आणि संगणक पुन्हा सुरू केला, तर ती पूर्ववत ‘ऑटोमॅटिक’. टास्क शेड्यूलरमध्ये (ठरवून दिलेली कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत) त्याच कंपनीच्या नावाची एक नोंद होती, जी दर लॉगिनला हा उद्योग करत होती.

दुसऱ्या संध्याकाळी शहाणपणा म्हणून सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींसह सुरू होते त्या अवस्थेत) गेले. तिथे सॉफ्टवेअर खरोखरच बंद होते, पण ते काढण्यासाठी लागणारी विंडोज इन्स्टॉलर ही सेवाही सेफ मोडमध्ये एरवी चालत नाही, त्यामुळे ‘इन्स्टॉलर सेवा उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर मिळाले. हे आधी ठाऊक असते, तर ती संध्याकाळ वाचली असती.

मग ग्राहक सेवा. तिथे चार वेळा फोन केला आणि चारही वेळा पहिल्यापासून सगळे सांगितले. ‘मॅडम, ते काढलंत तर नेट बंद पडेल’ असे पहिल्याने ठासून सांगितले. दुसऱ्याने तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकून पाहायला सुचवले. तिसऱ्याने दुरून संगणक पाहण्याची तयारी दाखवली, पण त्यासाठी ‘सपोर्ट’ सॉफ्टवेअर चालू ठेवणे आवश्यक होते. फोन हातात धरून मी हे ऐकत होते आणि एकाएकी लक्षात आले की याच फोनवर, याच वायफायवर, असले कुठलेही सॉफ्टवेअर नसताना इंटरनेट व्यवस्थित चालते आहे. आमच्याकडे लॉगिनचे काम राउटरच करतो, संगणकाला त्यात काही काम नाही, हे चौथ्या प्रतिनिधीने जरा हळू आवाजात मान्यही केले. मात्र राउटर नसून संगणकावरूनच थेट लॉगिन होत असेल, तर आधी यूझरनेम आणि पासवर्ड कागदावर लिहून घ्यावा. त्या पद्धतीची जोडणी विंडोजमध्येच करता येते, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मार्ग सापडला. आधी टास्क शेड्यूलरमधली ती नोंद बंद केली. नंतर ‘एमएसकॉन्फिग’ (संगणकाबरोबर काय काय सुरू व्हावे ते ठरवण्याची विंडोजची खिडकी) उघडून सर्व्हिसेसच्या पानावर ‘मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवा’ या चौकटीत खूण केली (ही खूण न करता सरसकट सगळे बंद करू नये), उरलेल्या यादीतून कंपनीच्या नावाच्या दोन सेवा होत्या त्यांच्या खुणा काढल्या, स्टार्टअपमधले चिन्हही बंद केले आणि संगणक पुन्हा सुरू केला. अनइन्स्टॉल एका मिनिटाच्या आत झाले. त्याच कंपनीचा ‘अपडेटर’ यादीत वेगळ्या नावाने होता. तो राहिला असता, तर सगळे परत आले असते, म्हणून तोही काढला. हे सर्व करण्यापूर्वी रिस्टोअर पॉइंट (काही बिघडले तर विंडोज आधीच्या स्थितीत परत नेता येईल अशी नोंद) तयार करून ठेवावा; मी तो केला नव्हता आणि पूर्ण वेळ धास्तीत होते.

आता संगणक दीड-दोन मिनिटांत कामाला लागतो आणि मेमरीचा खर्च वाचला. दुसऱ्या फोननंतर नोंदवलेली तक्रार मात्र कंपनीने ‘दोष ग्राहकाच्या संगणकात’ असा शेरा मारून बंद केली आहे.